गोळी डॉक्टरांची, सराव घरचा : त्रासलेल्या कुत्र्यासाठी व्हेट आणि बिहेवियरिस्टची सांगड कशी घालायची

चिंचवडमधल्या एका फ्लॅटचं दार मला अजून आठवतं. आतल्या बाजूचा सनमायका खालून दीड फुटापर्यंत सोलवटलेला, चौकटीच्या लाकडात नखांचे चरे, आणि उंबऱ्याशी फरशीवर लाळेचा सुकलेला पांढुरका डाग. बंड्या चार वर्षांचा, रस्त्यावरून आणलेला देशी कुत्रा. घरची माणसं कामाला निघाली की दोन मिनिटांत त्याचं रडणं सुरू व्हायचं. मी पोहोचले त्याआधी तीन महिने त्याला रोज गुंगीची गोळी चालू होती आणि एक ट्रेनर आठवड्यातून दोनदा येऊन 'सिट' आणि 'स्टे' शिकवत होता. ट्रेनर येतो हे डॉक्टरांना माहीत नव्हतं, आणि गोळी चालू आहे हे ट्रेनरला माहीत नव्हतं. दोघंही आपापलं काम मनापासून करत होते, आणि इकडे बंड्याच्या नखांतून रक्त येत होतं.

मी पुण्यात आणि आसपास वर्तनाच्या तक्रारी असलेल्या कुत्र्यांबरोबर काम करते. मी व्हेट नाही, औषध लिहून देत नाही. पण ज्या घरांत डॉक्टर आणि बिहेवियरिस्ट (कुत्र्याच्या वागण्यावर काम करणारा माणूस) एकमेकांशी थेट बोलले तिथे कुत्रं सावरलं आणि जिथे मालक दोघांमध्ये निरोप्या झाला तिथे महिने वाया गेले, हे मी इतक्यांदा पाहिलंय की पहिल्या भेटीत आता मी कुत्र्याच्या आधी डॉक्टरांचा नंबर मागते. हे सगळं घरी कसं जुळवून आणायचं, ते पायरीपायरीने सांगते. औषधांचे डोस या लेखात दिलेले नाहीत. ते वजन, वय, यकृत-मूत्रपिंडाची स्थिती आणि इतर औषधं बघून डॉक्टरच ठरवतात.

आधी, कोणाचं काम कुठपर्यंत

भारतात जनावराला औषध लिहून द्यायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ त्यासाठीच आहे. 'बिहेवियरिस्ट' ही पाटी लावायला मात्र आपल्याकडे कसलाही परवाना लागत नाही. अमेरिकेत पशुवैद्यक होऊन पुढे वर्तनातच विशेष शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची १९९३ पासून स्वतंत्र मान्यताप्राप्त शाखा आहे. तिथे एकच माणूस कुत्र्याला तपासतो, औषध देतो आणि वर्तनाची योजनाही आखतो. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा दोन माणसांत वाटलेलं असतं.

म्हणून बिहेवियरिस्ट निवडताना तीन गोष्टी विचारा. कुत्रं गुरगुरलं तर तुम्ही काय करता? गळ्यात चोक चेन किंवा शॉकचा पट्टा घालता का? आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलाल का? पहिल्या प्रश्नाला 'दाबून धरतो' असं उत्तर आलं, किंवा कुत्रं न बघताच 'आठ दिवसांत सरळ करून देतो' असा शब्द मिळाला, तर तिथे थांबा. भीतीने चावणाऱ्या कुत्र्याला धाक घातला की गुरगुर जाते आणि चावा तेवढा राहतो. मग तो पूर्वसूचना न देता येतो.

डॉक्टरांनाही विचारा : वर्तनासाठी औषध सुरू केलंत तर पुन्हा कधी बघाल? 'लागलं तर या' हे उत्तर इथे पुरत नाही. ठरलेली तारीख हवी.

पायरी १ : आधी शरीर

एका घरातली सात वर्षांची लॅब्रेडोर सोफ्यावरून खाली उतरवायला गेलं की गुरगुरायची. 'सोफ्यावर मालकी दाखवते' असा घरच्यांचा समज होता. मी तिला जिना चढताना पाहिलं. ती मागचे दोन्ही पाय एकत्र उचलून सशासारखी चढत होती. मी डॉक्टरांना तेवढं कळवलं. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे खराब निघाले. वेदनेचं औषध सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत सोफ्यावरची कटकट जवळपास संपली. तिला दुखत होतं, म्हणून ती सांगत होती.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये वर्तनाच्या केसेसचा आढावा घेतला. त्यांच्याकडे पाठवलेल्या केसेसपैकी कमी धरलं तरी सुमारे एक-तृतीयांशांमध्ये कुठे ना कुठे दुखणं होतं, आणि काही गटांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात असू शकतं, असं त्यांनी मांडलं. म्हणून वर्तनाची गोळी मागण्याआधी डॉक्टरांना सांगा की सांधे, पाठ, दात, कान आणि डोळे नीट हाताळून बघा. रक्ताची तपासणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या करून घ्या. औषध सुरू करण्यापूर्वीचे आकडे हातात असले तर पुढे तुलना करता येते. लक्षणं तशी असतील तर थायरॉइड. आपल्याकडे गोचीडतापही डोक्यात ठेवावा लागतो, कारण अंगात कणकण असलेलं कुत्रं चिडचिडं होतंच. त्वचेसाठी स्टिरॉइड चालू असेल तर ते आवर्जून सांगा. त्याने भूक, तहान, लघवी वाढते आणि काही कुत्री चिडखोर होतात.

एक गोष्ट इथेच ठळकपणे लिहिते. दोन-तीन दिवसांत कुत्र्याचं वागणं अचानक पालटलं, आवाज बदलला, जबडा लोंबायला लागला, गिळता येईना, तर बिहेवियरिस्टला फोन करू नका. विशेषतः लस झालेली नसेल तर रेबीजची शंका घेऊनच डॉक्टरांना कळवा, तोंडात हात घालू नका. चावा किंवा ओरखडा झाला असेल तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि तडक माणसांच्या दवाखान्यात जा.

पायरी २ : व्हिडिओ आणि वही

दवाखान्यातल्या टेबलावर कुत्रं थिजून उभं असतं, डॉक्टरांकडे वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. घरात तीनशे दिवस काय चालतं ते तिथे दिसणं शक्यच नाही. एक जुना फोन पुस्तकांच्या फडताळावर टेकवून रेकॉर्डिंग लावा आणि बाहेर पडा. बंड्याच्या व्हिडिओत घरातल्या आई चप्पल घालायच्या आधीच, किल्लीचा आवाज आल्याबरोबर त्याचे कान मागे गेले होते आणि त्याने ओठ चाटले होते. दार लागल्यावर चाळीसाव्या सेकंदाला तो उठला. समोर ठेवलेली चीज लावलेली पोळी त्याने हुंगलीसुद्धा नाही. देशी कुत्रं चीज सोडतं म्हणजे काय, ते कुत्रं पाळणाऱ्याला सांगायला नको.

वहीत रोज फक्त पाच रकाने ठेवा : किती मिनिटांनी सुरू झालं, किती वेळ चाललं, खाऊ खाल्ला का, किती वेळात शांत झालं, त्या दिवशी वेगळं काय घडलं. 'आज बरा होता', 'आज वाईट होता' असं लिहू नका, सहा आठवड्यांनी त्याचा काही उपयोग होत नाही. चावण्याचा किंवा गुरगुरण्याचा प्रश्न असेल तर अंतर लिहा : दुसरं कुत्रं किती पावलांवर असताना अंग ताठ झालं. आणि एक कळकळीची विनंती, व्हिडिओ मिळावा म्हणून कुत्र्याला मुद्दाम चिडवू नका. भांडण लावून काढलेला व्हिडिओ कोणाच्याच कामाचा नसतो.

पायरी ३ : एका पानाची चिठ्ठी

माझ्या मते सगळ्या कामाचं मूळ इथे आहे. बिहेवियरिस्टने घरी येऊन गेल्यावर डॉक्टरांना एक पान लिहून द्यावं आणि त्याची प्रत मालकाकडे असावी. आठ पानांचा अहवाल ओपीडीच्या गर्दीत कोणी वाचत नाही. बंड्याची चिठ्ठी साधारण अशी होती :

'बंड्या, नर, नसबंदी झालेली, ४ वर्षं, १९ किलो. तक्रार : एकटं राहिल्यावर ओरडणं, दार खरवडणं, लाळ. व्हिडिओत ४० सेकंदांत सुरुवात, २५ मिनिटं अखंड. एकटा असताना आवडता खाऊही घेत नाही. नखं दोनदा तुटली. माणसं घरात असताना भूक, झोप, खेळ नेहमीसारखं. झटक्यांचा (फिट येण्याचा) इतिहास नाही. सध्या रोज गुंगीची गोळी, तरी व्हिडिओत फरक नाही, फक्त चाल डुलती. गोचिडांसाठी महिन्यातून एकदा औषधी पाण्याने आंघोळ, औषधाचं नाव घरच्यांना आठवत नाही, बाटलीचा फोटो सोबत. सरावाला बसण्याइतकाही तो शांत होत नाही. औषधाची गरज आहे का, हे आपण बघावं. माझ्याकडून : पुढचे सहा आठवडे त्याला एकटं ठेवायचं नाही अशी व्यवस्था केली आहे, सराव १० सेकंदांपासून सुरू करते.'

यात मी औषधाचं नाव सुचवलेलं नाही. तो डॉक्टरांचा प्रांत आहे. पण बाटलीचा फोटो मात्र दिला, आणि त्याने मोठा धोका टळला. त्याबद्दल पुढे सांगते.

उलट दिशेनेही कागद हवा. डॉक्टरांनी दोन ओळींत लिहावं : काय दिलं, परिणाम कधी अपेक्षित, कोणती लक्षणं दिसली तर त्यांना फोन, पुढची तारीख. तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला तर उत्तम. त्यात व्हिडिओ आणि वहीचे आकडे टाकावेत. डोसचा निर्णय मात्र डॉक्टरांनीच घ्यायचा. बिहेवियरिस्ट ग्रुपवर 'अर्धी गोळी वाढवून बघा' म्हणायला लागला तर त्याला तिथेच थांबवा. डॉक्टरांच्या या वेळेचे पैसे विचारा आणि द्या.

पायरी ४ : औषध हवंय का, हे ठरवणं

दहा महिन्यांचं पिल्लू अंगावर उड्या मारतं, सोफा कुरतडतं, पट्टा ओढतं, यासाठी गोळी नको. त्याला फिरणं, चावायला काहीतरी आणि शिकवणं हवं. माझा स्वतःचा निकष साधा आहे : भीती इतकी आहे का की कुत्र्याला शिकताच येत नाही? खाऊ तोंडात घेत नाही, स्वतःला इजा करून घेतं, घाबरल्यावर तासन्‌तास सावरत नाही, आणि भीतीचं कारण टाळणं शक्य नाही, यातलं काही असेल तर औषधाचा विषय लवकर काढावा. 'आधी सहा महिने सराव करून बघू, अगदीच नाही जमलं तर गोळी' हा हट्ट मला पटत नाही. त्या सहा महिन्यांत कुत्रं रोज घाबरण्याचाच सराव करत असतं.

घरातल्या ज्येष्ठांना 'वेड्यांच्या गोळ्या' वाटतात. त्यांना सांगा की क्लोमिप्रामिन १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिन २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने खास कुत्र्यांच्या सेपरेशन अँक्झायटीसाठी, म्हणजे एकटं राहण्याच्या भीतीसाठी, मंजूर केलं. आणि दोन्ही मंजुऱ्यांत, औषध वर्तनसुधारणेच्या कार्यक्रमाबरोबरच द्यावं, असं म्हटलेलं आहे.

पायरी ५ : औषधांचे दोन प्रकार समजून घ्या

पहिला प्रकार रोजच्या औषधांचा. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन यांसारखी औषधं रोज ठरल्या वेळी द्यायची, आणि त्यांचा परिणाम दिसायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. दुसरा प्रकार प्रसंगापुरत्या औषधांचा. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन यांसारखी औषधं फटाके, विसर्जनाची मिरवणूक, दवाखान्याची फेरी यांच्या आधी देतात. काही कुत्र्यांना दोन्ही लागतात. यातली बरीचशी औषधं माणसांसाठी बनलेली आहेत आणि व्हेट आपल्या अनुभवाने व अभ्यासाने ती कुत्र्यांना देतात. यात वावगं काही नाही, फक्त चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून उचलू नका.

प्रसंगापुरतं औषध पहिल्यांदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी देऊ नका. घरी शांत दिवशी एकदा देऊन बघा. किती वेळाने चढतं, किती टिकतं, पाय लटपटतात का, की उलट अस्वस्थपणा वाढतो, हे वहीत लिहा. दिवाळीसाठी डॉक्टरांची वेळ श्रावणातच घेतलेली बरी.

ॲसेप्रोमॅझिन या जुन्या गुंगीच्या औषधाबद्दल वेगळं सांगते. त्याने अंग ढिलं पडतं, पण भीती कमी होतेच असं नाही. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला एकटं हेच औषध दिलं तर त्याला सगळं ऐकू येतं, फक्त पळता येत नाही. बंड्याचं तेच चाललं होतं. तसंच आजोबांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा देणंही नको. त्या जातीच्या औषधांनी काही कुत्री चेकाळतात, आणि भीतीमुळे स्वतःला आवरून धरणारं कुत्रं आवर सुटून चावू शकतं.

पायरी ६ : काय कशात मिसळू नये

बंड्याच्या बाटलीवर नाव होतं अमिट्राझ. गोचिडांसाठी आपल्याकडे हे औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगावर सर्रास वापरतात, त्याचे पट्टेही येतात. फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनबरोबर अमिट्राझ धोक्याचं आहे. फोटो बघून डॉक्टरांनी आधी गोचिडांचं औषध बदललं, मधे थोडे दिवस जाऊ दिले आणि मग गोळी सुरू केली.

असंच म्हाताऱ्या कुत्र्यांच्या विसराळूपणासाठी दिलं जाणारं सेलेजिलिन. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर तेही डॉक्टरांना कळलंच पाहिजे. अशा जोड्यांमध्ये शरीरात सेरोटोनिन हे मेंदूतले निरोप पोचवणारं रसायन फार वाढून थरथर, ताप, मोठ्या झालेल्या बाहुल्या, अस्वस्थ येरझाऱ्या, जुलाब अशी लक्षणं येऊ शकतात, आणि ती दिसली तर सकाळची वाट बघायची नाही. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही ते शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं, त्यामुळे 'आता बंद केलंय' म्हणून लगेच अमिट्राझ वापरू नका. पूर्वी कधी झटका आला असेल तर तेही सांगा. माणसांच्या पातळ औषधांत कधीकधी झायलिटॉल हा गोडवा असतो, तो कुत्र्यांना विषारी आहे. आयुर्वेदिक किंवा 'नॅचरल' म्हणून विकलेलं शांत करणारं सिरपही यादीत लिहा.

यादी आठवून सांगू नका. घरातल्या कुत्र्याच्या सगळ्या बाटल्या, पट्टे, पावडरी टेबलावर मांडा आणि एक फोटो काढून पाठवा.

पायरी ७ : पहिले सहा आठवडे

पहिल्या पंधरा दिवसांत कुत्रं थोडं सुस्त किंवा उलट थोडं अस्वस्थ वाटू शकतं, आणि भूक कमी होऊ शकते. हे भुकेचं नीट ऐका, कारण इथे डॉक्टर आणि बिहेवियरिस्टचं काम एकमेकांत गुंततं. आमचा सगळा सराव खाऊवर चालतो. भूक मेली की कुत्रं खाऊसाठी वळत नाही, मालक म्हणतो 'शिकतच नाही', आणि बिहेवियरिस्टला गोळीचं माहीत नसेल तर तो सराव अधिक अवघड करत नेतो. म्हणून भूक कमी झाली की त्याच दिवशी दोघांना कळवा. डॉक्टर गोळी जेवणासोबत द्यायला सांगतील किंवा डोस बघतील. मी त्या काळात सराव अर्ध्यावर आणते आणि कोरड्या खाऊऐवजी उकडलेल्या चिकनचे तांदळाएवढे तुकडे वापरते. शाकाहारी घरात पनीर.

दर रविवारी वजन करा. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटं, आणि वजाबाकी. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका, डॉक्टरांना विचारा. कुत्रं दिवसभर झोपूनच आहे, डोळ्यांत ओळख नाही, खेळणं पायाशी पडलं तरी बघत नाही, तर 'शांत झालं बाई एकदाचं' म्हणून सोडून देऊ नका. औषध बरोबर लागलेलं कुत्रं आपल्यासारखंच राहतं, त्याला फक्त विचार करायला उसंत मिळते. राग किंवा चावणं वाढलं तर त्याच दिवशी फोन करायचा.

आणि तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून स्वतःहून बंद करू नका. सर्वांत जास्त औषधं इथेच सुटतात.

पायरी ८ : सराव

बंड्याला चाळीसाव्या सेकंदाला त्रास व्हायचा, म्हणून आम्ही दहापासून सुरुवात केली. किल्ली उचलायची आणि परत ठेवायची, दिवसातून वीस वेळा, कुठेही न जाता. मग दाराबाहेर पाऊल आणि परत. तो लोळत पडून राहिला तरच पुढचा आकडा. त्या सहा आठवड्यांत त्याला खऱ्या अर्थाने एकटं ठेवलं नाही : सकाळी मावशी, दुपारी शेजारचा कॉलेजचा मुलगा, दोन दिवस वडिलांचं घरून काम. हे जुळवणं जड जातं, मला माहीत आहे. पण एकीकडे सराव आणि दुसरीकडे रोज चार तास कोंडून ठेवणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं. व्यवस्था होऊच शकत नसेल तर ते बिहेवियरिस्टने डॉक्टरांना सांगावं. अशा दिवसांसाठी ते प्रसंगापुरतं औषध जोडू शकतात.

चावणाऱ्या कुत्र्याला सरावाच्या आधीच मुसक्याची सवय लावा. जाळीचं मुसकं हवं, ज्यात त्याला तोंड उघडून धापता येतं आणि खाऊ घेता येतो. कापडी, तोंड आवळणारं नको. त्यात चीज लावून त्याने स्वतः तोंड घालावं इतपत एक-दोन आठवडे द्या. घरात लहान मूल असेल तर दारात जाळीचं फाटक बसवा. औषध सुरू झालं म्हणून मुसकं आणि फाटक काढायचं नाही.

पायरी ९ : आढावा आणि औषध कमी करणं

सहा ते आठ आठवड्यांनी तिघांनी एकत्र बसायचं, फोनवर का होईना, पंधरा मिनिटं. पहिल्या आठवड्याची आणि या आठवड्याची वही शेजारी ठेवायची. बंड्या सहाव्या आठवड्यात नऊ मिनिटं पडून राहिला होता आणि एकदा पोळीही खाल्ली होती. आईंना वाटत होतं फारसा फरक नाही, कारण ओरडणं अजून पूर्ण गेलं नव्हतं. आकडे बघून डॉक्टरांनी डोस तसाच ठेवला. फरक खरंच नसेल तर आधी दोन प्रश्न : गोळी रोज पोटात जातेय ना, आणि सराव होतोय ना? त्यानंतर डॉक्टर डोस किंवा औषध बदलतात. दोघांचं मत वेगळं पडलं तर ते तुमच्यासमोर, एकाच वेळी बोलू द्या.

कुत्रं सावरलं की लगेच बंद करायचं नाही. काही महिने स्थिर जाऊ द्यायचे आणि मग डॉक्टर सांगतील तसं, काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करायचं. प्रत्येक टप्प्यावर पुन्हा व्हिडिओ. आकडे घसरले तर मागच्या टप्प्यावर परत. काही कुत्र्यांना औषध जन्मभर लागतं आणि ती छान जगतात.

कमी करायची वेळ कॅलेंडर बघून निवडा. घर बदलणं, नवं बाळ, घरातल्या कोणाची दहावीची परीक्षा यांच्या आसपास नको. बंड्याचं कमी करायचं ठरलं तेव्हा सप्टेंबर उजाडला होता, गणपती आणि पुढे दिवाळी. डॉक्टरांनी जानेवारीचा दुसरा आठवडा लिहून दिला. तोपर्यंत तो एकटा दीड तास राहत होता, दाराकडे पाठ करून, दिवाणाखाली.